लाइट गेली तरी फरशी कोरडी: चार फुटी टँकला संप आणि ओव्हरफ्लो

माशांचा टँक भरलेला आहे, पंप चालू आहे आणि रात्री अडीचला लाइट गेली. वरचं किती पाणी खाली उतरेल आणि ते संपात, म्हणजे टँकखाली ठेवलेल्या फिल्टरच्या टाकीत, मावेल का? पहाटे पाचला लाइट आली की पंप पाणी वर चढवायला लागेल. तेवढंच पाणी आपोआप खाली परत येईल, की कुणाला तरी उठून पाइपला तोंड लावून सायफन काढावा लागेल? या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर उतरल्याशिवाय काचेला ड्रिलचा बिट लावू नये. नाशकात तर नाहीच नाही. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की तारा पहिल्यांदा पडतात, आणि महावितरणचा देखभालीचा दिवस असतो तो वेगळाच.

दोन फुटी टँकमध्ये चार गप्पी असतील तर संपाच्या भानगडीत पडू नका, स्पंज फिल्टर पुरतो. ऑस्कर, गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न, डिस्कस यांच्यासाठी मात्र संपाला तोड नाही. पाण्याचा साठा वाढतो, वरचा तेलकट पापुद्रा निघून जातो, हिटर-थर्मामीटर नजरेआड होतात आणि बाष्पीभवनाने होणारी घट वरच्या टँकमध्ये दिसत नाही. आणखी एक फायदा दुकानदार सहसा सांगत नाही: कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) तीन-चार तास बंद राहिला की आतला प्राणवायू संपून पाणी शुद्ध करणारे बॅक्टेरिया मरू लागतात. संप वरून उघडा असल्यामुळे त्याला बराच वेळ मिळतो.

(हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘संपाला पाइप हवाय’ म्हणालात तर समोरचा सोसायटीची जमिनीखालची टाकी समजून दोन इंची माल काढायला लागतो. माशांच्या टँकसाठी हवाय, हे आधीच सांगा.)

आधी कागद-पेन्सिल

इथला हिशेब ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच टँकचा आहे. तुमचं माप वेगळं असेल तर पद्धत तीच: लांबी, रुंदी, उंची इंचात घ्या, गुणाकार करा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतात. काचेची जाडी सोडून दिली आहे, त्यामुळे खरा आकडा थोडा कमीच येईल.

टँक: ४८ × १८ × २४ ÷ ६१ = ३४० लिटर. एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर.
संप: ३६ × १५ × १५ ÷ ६१ = १३३ लिटर. एक इंच पाणी म्हणजे पावणेनऊ लिटर.

टँकचं जादा पाणी काठालगतच्या ओव्हरफ्लो पेटीच्या दातांवरून संपात उतरतं आणि पंप ते रिटर्न पाइपने परत वर चढवतो. टँक चालू असताना पाण्याची पातळी काठापासून २ इंच खाली ठेवायची. ओव्हरफ्लोच्या दातांचा तळ काठापासून अडीच इंच खाली, आणि रिटर्न पाइपचं तोंड चालू पातळीच्या १ इंच खाली. लाइट गेली की पाणी दातांपर्यंत उतरतं. मग रिटर्न पाइप उलटा सायफन होऊन आपल्या तोंडात हवा शिरेपर्यंत ओढत राहतो. म्हणजे एकूण १ इंच, १४ लिटर. ओव्हरफ्लोच्या पेटीतले साडेतीन आणि पाइपांतले दीड धरले की १९ लिटर खाली येणार. चालू असताना संपाच्या कप्प्यांत १०, ९ आणि ८ इंच पाणी असतं. कप्प्यांची रिकामी जागा भरल्यावर हे पाणी सव्वाअकरा इंचांवर थांबतं. संप १५ इंची आहे, म्हणजे पावणेचार इंच शिल्लक.

हाच रिटर्न पाइप ५ इंच खोल सोडला असता तर ७० लिटर खाली आले असते आणि संप काठावरून वाहिला असता. बहुतेक घरांत फरशी भिजते ती याच चुकीने.

उलटा हिशेबही करायचा: खाली येणारा पाइप पूर्ण तुंबला आणि पंप चालूच राहिला तर? संपातला पंपाचा, म्हणजे रिटर्न कप्पा १० इंच लांब ठेवला तर त्यात दर इंचाला अडीच लिटर पाणी मावतं. पंप तळापासून २ इंचांवर हवा ओढायला लागतो, म्हणजे तो फार तर ६ इंच, १५ लिटर वर चढवू शकतो. टँकमध्ये ते १ इंच चढतं आणि काठ अजून १ इंच वर राहतो. रिटर्न कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा तो यासाठी. ऐसपैस केला तर पंपाजवळ सांडण्यापुरतं पाणी नेहमीच तयार असतं. लहान कप्प्याची किंमत म्हणजे रोजच्या बाष्पीभवनाने पातळी भराभर उतरते, त्याचं पुढे पाहू.

वजन आणि स्टँड

पाणी, काच, संप, स्टँड मिळून साडेपाचशे किलोच्या घरात जातं, तेही ६ चौरस फुटांवर. घरांच्या स्लॅबसाठी भारतीय मानक आयएस ८७५ च्या भाग २ मध्ये चल भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरलेला असतो. तो खोलीभर पसरलेला भार असतो, त्यामुळे एवढ्याने स्लॅब कोसळत नाही. पण टँक खोलीच्या मधोमध ठेवू नका. भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे ठेवा. जुन्या नाशकातल्या वाड्यात लाकडी तुळयांवरचा मजला असेल तर तळमजल्याशिवाय दुसरा विचारच नको.

स्टँड दीड इंची एमएस (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपचं, किमान २ मिमी जाडीचं, ३० इंच उंच. सातपूर किंवा अंबडला कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो, पण त्याला दोन गोष्टी लिहून द्या. समोरच्या बाजूला मधला उभा पाय नको, नाहीतर ३ फुटी संप आत जाणारच नाही. त्याऐवजी वरची पट्टी दोन पाइपांची करून घ्या. आणि चारही पायांना लेव्हलिंग बोल्ट हवेत. वर १८ मिमी मरीन प्लाय आणि त्यावर १० मिमी थर्माकोल. संपाच्या माथ्यावर १२-१३ इंच मोकळे राहतात, फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) उभा ओढून काढायला तेवढे लागतातच.

पाइपच्या मापांची गंमत

पहिलं अर्धं डोकं इथेच खर्च होतं. बाजारात ‘एक इंची’ म्हणून तीन वेगवेगळे पाइप मिळतात आणि ते एकमेकांत बसत नाहीत. घरच्या प्लंबिंगच्या एक इंची यूपीव्हीसीचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी. शेतीच्या पीव्हीसीचं माप मिलिमीटरमध्ये असतं, ३२ मिमी म्हणजे बाहेरून ३२. गरम पाण्याच्या एक इंची सीपीव्हीसीचा व्यास २८.६ मिमी. द्राक्षपट्टा जवळ असल्याने इथे शेतीच्या पाइपची दुकानं पावलोपावली आहेत, पाइप तिथून आणि एल्बो प्लंबिंगच्या दुकानातून आणले की घरी आल्यावर सगळं डुगडुगतं. एकच प्रकार ठरवा. आमची पसंती यूपीव्हीसीला, कारण युनियन (उघडता येणारा जोड), व्हॉल्व, टँक निपल (काचेतून पाइप आरपार न्यायचा जोड) सगळं त्या मापात मिळतं.

ठिबकच्या दुकानातून मात्र दोन गोष्टी जरूर आणा: १६ मिमी लॅटरल (ठिबकची नळी) दोन मीटर आणि त्याचा छोटा प्लास्टिक कॉक. टॉप-अपच्या, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढायच्या लाइनला याहून स्वस्त आणि सोयीचं काही नाही. माल कोरा घ्या. शेतातून काढलेल्या लॅटरलमधून कुठली फवारणी गेली असेल, सांगता येत नाही.

बाकीची यादी: एक इंची यूपीव्हीसी पाइप ३ मीटर, टँक निपल २ (वॉशरसकट), एल्बो ६, युनियन २, व्हॉल्व १. रिटर्नसाठी पाऊण इंची पाइप २ मीटर, एल्बो ४, युनियन १. पाइप चिकटवायच्या सॉल्व्हंटचा मोठा डबा कशाला, सर्वांत लहान पुरतो. पितळेचं काही घेऊ नका. पितळी गेट व्हॉल्व काउंटरवर समोरच असतो आणि फिरवायला छान वाटतो, पण त्यातलं तांबं पाण्यात उतरलं की आधी कोळंबी आणि गोगलगायी जातात. यूपीव्हीसीचा गेट व्हॉल्व मागवावा लागला तरी मागवा. बॉल व्हॉल्ववर काम चालतं, पण तो केसाएवढा फिरवला तरी प्रवाह भसकन बदलतो, त्यामुळे जुळवताना संयमाची परीक्षा होते.

भोक कुठे आणि कसं

बुडाच्या काचेला भोक पाडायचं नाही. सगळं वजन तिथे असतं आणि वॉशर गळाला तर पूर्ण टँक रिकामा होतो. मागच्या काचेत वरच्या बाजूला पाडलेलं भोक गळालं तर त्याच्या वरचं चार-पाच इंच पाणीच जातं, मासे जगतात. काठावर टांगायचे तयार सायफन बॉक्स मिळतात, त्यांच्यापासूनही लांब राहा. त्यांच्या उलट्या यू-नळीत हळूहळू बुडबुडे साठतात, लाइट येते-जाते तेव्हा कधीतरी सायफन तुटतो आणि खालचा पंप मात्र इमानेइतबारे वर पाणी चढवत राहतो.

काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असेल तर भोक पाडताच तिचा चुरा होतो. स्थानिक कारागिराने जोडलेले टँक बहुधा साध्या काचेचे असतात, तरी खात्री करा. काचेमागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन लावा आणि पोलराइज्ड गॉगल घालून बघा. काळपट पट्टे किंवा ठिपके दिसले तर टफन्ड. टँक नवीन बनवून घेणार असाल तर सोपं: काचवाल्याला जोडण्याआधीच भोकं पाडायला सांगा.

टँक निपलचा आटा व्हर्नियरने मोजा आणि त्यात १ ते २ मिमी मिळवून तेवढा डायमंड कोअर बिट घ्या. एक इंची निपलला साधारण ४५ मिमीचा लागतो, पण कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून आधी निपल, मग बिट. भोकाची कड काचेच्या काठापासून आणि शेजारच्या भोकापासून निदान एका भोकाएवढी लांब हवी. आपल्या टँकला भोकांचे मध्य काठापासून साडेचार इंच खाली आणि एकमेकांपासून ६ इंच अंतरावर येतात.

टँक सतरंजीवर असा आडवा करा की मागची काच वर येईल. काचेच्या आतल्या अंगाला भोकाच्या जागी रुंद चिकटपट्टी लावा, म्हणजे कापलेली चकती खाली पडून समोरची काच फोडणार नाही. वरच्या अंगाला शाडूच्या मातीचं बोटभर उंच आळं करा आणि त्यात पाणी भरा. गणपतीतली उरलेली शाडू घरात असते, तिच्यासारखं आळं पुट्टीचंसुद्धा होत नाही. चार बोटं रुंद प्लायच्या तुकड्याला त्याच बिटने भोक पाडून तो साचा म्हणून काचेवर धरला की बिट सुरुवातीला घसरत नाही.

ड्रिल सर्वांत हळू वेगावर चालवा. ४५ मिमीच्या बिटला मिनिटाला ५०० फेरे पुष्कळ झाले. शक्यतो बॅटरीचं ड्रिल वापरा, पाणी आणि वायर एकत्र नको. दाब फक्त ड्रिलच्या वजनाचा. पाणी दुधासारखं पांढरं होत जातं. दर मिनिटाला बिट उचला, नवं पाणी घाला. १० मिमी काचेला दहा-बारा मिनिटं लागतात. शेवटच्या मिलिमीटरला आवाज बदलतो, घरघर जाऊन बारीक किणकिण येते. तिथे हात आणखी हलका करा. बहुतेक तडे याच क्षणी जातात, कारण इतका वेळ झाल्यावर माणसाला घाई सुटलेली असते. शेवटी भोकाची कड ४०० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं ठेवून फिरवून घ्या.

निपलचा वॉशर आत, पाण्याच्या बाजूला, कॉलरखाली बसतो. नट बाहेरून हाताने घट्ट करा आणि वर पाव फेरा. सिलिकॉन लावू नका. त्याने वॉशर सरकतो आणि गळतीही थांबत नाही.

पेटी आणि दोन पाइप

भोकांच्या आतल्या बाजूला काचेची पेटी चिकटवायची: १६ इंच लांब, ४ इंच रुंद, ५ इंच खोल, ५ किंवा ६ मिमी काचेची. रुंदी ४ इंचांहून कमी केली तर निपलची कॉलर आणि एल्बो मिळून आत मावत नाहीत. पेटीचा वरचा काठ टँकच्या काठापासून अडीच इंच खाली. त्यावर दातांची अ‍ॅक्रिलिक पट्टी लावा, ६ मिमी दात, ६ मिमी फट, १ इंच उंच. अ‍ॅक्रिलिकचे बोर्ड करणारे लेझरवर कापून देतात. दातांऐवजी मच्छरदाणीची जाळी लावण्याचा मोह होतो, पण ती दोन दिवसांत शेवाळाने बुजते आणि टँक भरून वाहतो.

काठावरून पाणी पातळ वाहिलं तरच पापुद्रा निघतो. एका इंचाला ताशी २५० लिटर हे जुनं, चांगलं माप आहे. दात निम्मी जागा खातात, म्हणजे १६ इंचांतले ८ कामाचे, ताशी २००० लिटरपर्यंत. आपल्याला हवेत १५००.

पहिला पाइप सायफनचा. पेटीत त्याचा एल्बो तोंड खाली करून बसवा, तोंड तळापासून सव्वा इंच वर. बाहेर हा पाइप सरळ संपात उतरतो, वाटेत हाताशी येईल अशा उंचीवर व्हॉल्व आणि खाली युनियन. दुसरा पाइप इमर्जन्सीचा. त्याचा एल्बो तोंड वर करून, तोंड दातांच्या तळापेक्षा अर्धा ते पाऊण इंच खाली. त्यावर व्हॉल्व नाही, जाळी नाही, काहीच नाही. आतले दोन्ही एल्बो चिकटवू नका, नुसते दाबून बसवा, साफसफाईला निघतात. या दोन-पाइपी पद्धतीला ‘हर्बी’ म्हणतात. तिसरा मोकळा पाइप जोडला की ती ‘बीन अ‍ॅनिमल’ होते. मोठ्या टँकला ती घ्या, चार फुटीला दोन पुरतात.

एकाच पाइपावर का भागवायचं नाही? त्यातून पाणी आणि हवा मिसळून जाते, बाथरूमच्या बेसिनसारखी गडगड रात्रभर चालते आणि तुंबला की पर्याय नसतो. सायफनचा पाइप हवेशिवाय पूर्ण भरून वाहतो. एवढ्या उंचीवरून एक इंची पाइप ताशी ३००० लिटरच्या वर सहज नेतो, म्हणून तर त्याला व्हॉल्वने आवळावं लागतं. आणि आवळलेला सायफन पूर्ण मुका असतो.

सायफन पाइपचं खालचं टोक संपातल्या पाण्यात फक्त १ इंच बुडवा. हे वाक्य दोनदा वाचा. टोक ५-६ इंच खोल गेलं तर पंप सुरू झाल्यावर पाइपमधली हवा बाहेर पडायला जागा राहत नाही, सायफन धरतच नाही आणि सगळं पाणी इमर्जन्सीतून खळखळत येतं. इमर्जन्सीचं टोक पाण्याच्या वर, हवेत ठेवा. ते जोरात वाजायला लागलं म्हणजे सायफन तुंबतोय असं समजायचं.

संपाचे कप्पे

पहिला कप्पा १० इंच, इथे दोन्ही पाइप आणि फिल्टर सॉक. त्यापुढची आडकाच तळाला चिकटलेली, १० इंच उंच. दुसरा १४ इंच, मीडियाचा, म्हणजे बॅक्टेरिया वाढायच्या स्पंज-रिंगांचा. त्यानंतरची काच तळापासून दीड इंच उचलून लावलेली, वरचा काठ १२ इंचांवर. तिच्यापुढे दीड इंच फट सोडून तळाला चिकटलेली ९ इंची काच. या दोन काचांमधून पाणी खालून वर चढतं आणि बुडबुडे मागेच राहतात. उरलेला साधारण १० इंच रिटर्न पंपाचा. आडकाचा ५ मिमीच्या चालतात. काचवाल्याला रुंदी सांगताना संपाच्या आतल्या मापातून ३ मिमी कमी सांगा, सिलिकॉनला जागा लागते.

सिलिकॉन व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं, साधं. ‘अँटीफंगल’ लिहिलेलं बाथरूमचं नको, ते माशांना विषारी असतं. वास पूर्ण जाईपर्यंत, किमान पाच-सहा दिवस, पाणी भरू नका.

मीडिया चौकोनी भोकांच्या प्लास्टिक जाळीवर, खाली दोन इंची पाइपचे तुकडे देऊन उचलून ठेवा, म्हणजे गाळ खाली बसतो आणि काढता येतो. वर आधी स्पंज, मग सिरॅमिक रिंग १० लिटर. बजेट आटोपतं असेल तर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या घ्या, कोऱ्या आणि साबण न लावलेल्या. दिसायला गावठी, पण पृष्ठभाग भरपूर आणि तुंबत नाहीत. हिटरही याच कप्प्यात ठेवा. रिटर्न कप्प्यातली पातळी बाष्पीभवनाने उतरते आणि हिटर उघडा पडून फुटतो, इथली ९ इंचांवर कायम राहते. नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांपर्यंत येतो, निफाडला त्याहून खाली. एका ३०० वॉटऐवजी १५० वॉटचे दोन लावा. एक अडकून चालूच राहिला तरी मासे शिजत नाहीत, एक बंद पडला तरी गारठत नाहीत.

पंप घेताना खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो हे विसरू नका. इथे चढ जवळपास ४ फूट, वर एल्बोंचा अडथळा. ३ मीटर कमाल उंचीचा, ताशी ३००० लिटरचा पंप प्रत्यक्षात निम्म्यावर येतो, म्हणजे आपल्याला हवा तेवढाच. खात्री करायची तर रिटर्नखाली १० लिटरची बादली धरा: २४ सेकंदांत भरली की ताशी १५०० लिटर.

रिटर्न पाइप काठावरून आत घ्या, त्यासाठी आणखी भोक नको. चालू पातळीच्या पाव इंच खाली त्याला ३ मिमीचं एक भोक पाडा. लाइट गेल्यावर त्यातून हवा शिरते आणि उलटा सायफन लवकर तुटतो. तरीही वरचा हिशेब भोक बुजलेलं आहे असं धरूनच केला आहे, कारण शेवाळ ते बुजवतंच. एनआरव्हीवर (पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या व्हॉल्ववर) तर अजिबात विसंबू नका, एक गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो.

मासे सोडण्याआधी तीन परीक्षा

सगळं आधी कोरडं जुळवा, पाइपांवर मार्करने खुणा करा, मगच सॉल्व्हंट. चिकटवल्यावर २४ तास थांबा. मासे, रेती काही न घालता नळाचं पाणी भरून दोन दिवस चालवा.

पंप सुरू करताना व्हॉल्व पूर्ण उघडा. सायफन पेटी रिकामी करून सूं-सूं करत हवा ओढेल. आता व्हॉल्व थोडा थोडा आवळत जा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबा. पेटीतलं पाणी चढत चढत इमर्जन्सीच्या तोंडाशी येईल. तोंडावरून दोऱ्याएवढी धार आत जायला लागली की थांबा. ही धार मुद्दाम ठेवायची. पंपाचा वेग थोडा कमी-जास्त झाला तर ती जाड-बारीक होते आणि व्हॉल्वला पुन्हा हात लावावा लागत नाही.

पहिली परीक्षा: मेन स्विच बंद. पाणी उतरून थांबलं की संपावर बाहेरून कायमच्या मार्करने रेघ मारा. ती सव्वाअकराच्या आसपास यायला हवी. स्विच चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत सायफन आपोआप धरला पाहिजे. हे पाच वेळा करा. दुसरी: सायफनचं तोंड फडक्याने बंद करा. सगळं पाणी एकट्या इमर्जन्सीतून जाऊन टँक काठाखालीच थांबायला हवा. तिसरी: दोन्ही तोंडं बंद करून पंप हवा ओढेपर्यंत वाट बघा, पाणी काठाच्या १ इंच खाली थांबेल. मग लगेच पंप बंद करा, कोरडा फिरू देऊ नका. यातल्या एकाही परीक्षेत फरशी ओली झाली तर मासे अजून पिशवीतही नाहीत, दुरुस्तीला हवा तेवढा वेळ आहे.

वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. बोर्ड स्टँडच्या आत वर, बाजूला लावा, आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी तिथे गळून पडेल, प्लगात शिरणार नाही. इन्व्हर्टर साधा स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसी पंप त्यावर घुरघुरतो आणि तापतो. तिथे एअर पंप जोडा, मासे तगवायला तेवढं पुरतं.

जुना फिल्टर लगेच काढू नका. नव्या मीडियावर बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर दोन्ही चालू द्या.

टॉप-अप आणि बाकी कुरबुरी

एप्रिल-मेमध्ये या टँकमधून रोज ३-४ लिटर पाणी उडतं, संपावर पंखा लावला तर त्याहून जास्त. रिटर्न कप्प्यात ते दिवसाला दीड इंच दिसतं. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंप हवा ओढून टँकभर बारीक बुडबुडे सोडणार. संपाच्या बाजूला स्टँडमध्ये एक फूट जागा उरते, तिथे १२ इंच उंच चौरंगावर पाण्याचा कॅन ठेवा, ठिबकची लॅटरल जोडा आणि टोकाला कूलरचा पूर्ण प्लास्टिकचा फ्लोट. चौरंग १२ इंचांहून कमी नको, लाइट गेल्यावर संपाचं पाणी उलटं कॅनमध्ये जाईल.

कॅन १० लिटरचाच का? पाइप तुंबून पंप रिटर्न कप्पा उपसायला लागला तर फ्लोट खाली जातो आणि कॅनही रिता होतो. १५ अधिक १० म्हणजे २५ लिटर, टँकमध्ये पावणेदोन इंच. काठाला पाव इंच राहतो. २० लिटरचा जार लावला तर पाणी काठ ओलांडून फरशीवर. गच्चीच्या टाकीवरून थेट लाइन तर कधीच घेऊ नका, फ्लोट अडकला की गच्चीची टाकी रिकामी होईपर्यंत घरात नदी. शिवाय नळाच्या पाण्यातला क्लोरीन तसाच आत जातो.

कॅनमध्ये आरओचं पाणी भरा. वाफ जाते, क्षार मागे राहतात. बोअरच्या पाण्याने टॉप-अप करत गेलात तर दोन-तीन महिन्यांत पाणी जड होतं आणि दातांवर, रिटर्नच्या तोंडावर पांढरा थर धरतो. तो व्हिनेगरमध्ये भिजवून निघतो. साप्ताहिक पाणीबदलाला मात्र गंगापूर धरणाचं नळाचंच पाणी चालतं, अँटीक्लोरीन घालून. पावसाळ्यात ते गढूळ आलं तर बादलीत रात्रभर बसू द्या.

सॉक चार-पाच दिवसांनी बदला, दोन जादा ठेवा. भरलेला सॉक वरून वाहतो आणि सगळी घाण सरळ मीडियात जाते. गप्पी-मोलीची पिल्लं दातांतून पेटीत येतात, ती सॉकमध्ये जिवंत सापडतात, धुण्याआधी बघा. बारीक गोगलगायी असतील तर दर पंधरवड्याला सायफनचा व्हॉल्व क्षणभर पूर्ण उघडून पुन्हा जागेवर आणा. आवळलेल्या फटीत अडकलेली गोगलगाय त्या झटक्याने निघून जाते. व्हॉल्वच्या दांड्यावर आणि बॉडीवर जुळवलेल्या जागी मार्करची खूण करून ठेवली असेल तर हे काम दहा सेकंदांचं, नाहीतर पुन्हा पाच-पाच मिनिटं थांबत बसायचं.